धाकटा पाइंट

त्या गल्लीत त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारीत नसे. शेजारी, समोरचा सुतार, पत्रे वाटणारा टपालवाला, सगळे त्याला ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि त्यात अपमान वाटण्याऐवजी त्याला एक प्रकारचा गौरवच वाटे. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी तो आधी पट्टी शोधी. वाद घालायचा झाला तर आधी शब्दांच्या व्याख्या ठरवून घेई. त्यामुळे बहुतेक माणसे व्याख्येच्या टप्प्यावरच हात टेकून निघून जात. शेवटपर्यंत टिकायची ती एकटी त्याची थोरली बहीण, अक्का. कारण ती व्याख्या मुळात ऐकतच नसे.

वडिलांच्या मागे मातीच्या भांड्यांचा कारखाना ही दोघे मिळून चालवीत. कारखाना म्हणजे लांबट अशा दोन खोल्या आणि मागचे अंगण. पहिल्या खोलीत चाक, दुसरीत कच्ची भांडी वाळत ठेवायच्या फळ्या, आणि अंगणात विटांची भट्टी. चाकावर अक्का बसे. झिलई, भट्टी आणि मापे हा धाकट्याचा प्रांत. ही वाटणी कुणी केली नव्हती, पण ती इतकी पक्की होती, की अक्का चाकावर असताना तो त्या खोलीत पाऊल टाकीत नसे. कुणी पाहत उभे राहिले की हात अवघडतो, असे ती म्हणे. आणि तो पाहत उभा राहिला की बोलतोही, असे पुढे जोडी.

गेल्या वर्षभरात मात्र तो हात कुणी न पाहताच अवघडू लागला होता. उजव्या मनगटात कळ येई, सकाळी मूठ वळत नसे. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून, वळवून पाहिले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, की आता चाक सोडा. निदान वर्षभर तरी सोडा. नाहीतर पुढे भाजी चिरायलाही दुसऱ्याचा हात मागावा लागेल. अक्काने ते ऐकून घेतले, आणि हातात घेतलेले एक काम तेवढे संपवते, मग सोडते, असा सौदा केला. डॉक्टरीणबाई या सौद्याला राजी नव्हत्या. पण अक्काशी सौदा करताना दुसऱ्या बाजूच्या राजीखुशीला फारसे स्थान नसते, हे मिलिमीटरला लहानपणापासून ठाऊक होते.

ते काम होते तीनशे पेल्यांचे. मोठ्या रस्त्यावर एक बाई थंड कॉफीचे दुकान काढणार होत्या. आधीच्या दुकानात त्यांनी एकाच गोष्टीचा जाच सोसला होता: कॉफीवरचा फेस बसला की गिऱ्हाईक पेल्यात डोकावून म्हणे, कमी दिलीत. रोज तीच तक्रार, रोज तीच हुज्जत. म्हणून या वेळी त्यांनी एक यंत्र मागवले होते, जे खटका दाबला की बरोबर एक पाइंट कॉफी ओती, न थेंब कमी न थेंब जास्त. आणि त्याला शोभतील असे कानाचे पेले त्यांना हवे होते. पेल्याच्या आत, काठाच्या दोन बोटे खाली, एक रेषा कोरलेली असावी. कॉफी त्या रेषेपर्यंत, फेस त्याच्या वर. गिऱ्हाइकाने खुशाल डोकवावे.

मिलिमीटरला हे काम मनापासून आवडले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याच्याकडे सुंदर भांडे न मागता बरोबर भांडे मागत होते. एक पाइंट म्हणजे पाचशे अडुसष्ट मिलिलिटर, असे त्याने कॉफीवालीला तिथल्या तिथे सांगून टाकले. शाळेच्या पुस्तकामागचे कोष्टक त्याला अजून तोंडपाठ होते. बाईंनी मान डोलावली. इतका नेमका आकडा ऐकला की माणसे मान डोलावतातच. मग त्याने हिशेब मांडला. पेला आतून साडेआठ सेंटीमीटर रुंद, रेषेपर्यंत दहा सेंटीमीटर खोल. त्या मापाच्या दोन लाकडी पट्ट्या त्याने एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवल्या आणि ती फुली अक्काच्या हाती दिली. कच्च्या पेल्यात फुली उतरवायची. तिचे टोक तळाला आणि हात दोन्ही बाजूंना टेकले की माप जमले, आणि हात टेकतील तिथेच रेषा कोरायची.

अक्काने मनगटाला पट्टी गुंडाळून रोज सकाळचे काही तास असे करत करत सगळे पेले उतरवले. ते वाळले, त्यांना झिलई लागली, आणि भट्टी लावून झाली. भट्टी पेटली, विझली, आणि आता तोंडाला विटा रचलेल्या स्थितीत आपल्या सवडीने निवत होती. तिला घाई चालत नाही. अवेळी उघडली तर झिलई तडकते. म्हणून त्या रिकाम्या दिवशी मिलिमीटर टेप खिशात टाकून कॉफीच्या दुकानात गेला. पेले ठेवायच्या कप्प्यांची उंची कुणी मोजली असेल यावर त्याचा विश्वास नव्हता.

दुकानात रंगाचा वास होता. कॉफीवाली फळ्या पुसत होती, आणि गल्ल्यामागे एक मिस्त्री नव्या यंत्राची चाचणी घेत होता. कॉफीऐवजी त्याने यंत्रात पाणी भरले होते. तो खटका दाबी, पाणी काचेच्या मोजपात्रात पडे, तो आकडा बघे आणि पाणी बादलीत ओती. मिलिमीटर अर्थातच जवळ जाऊन उभा राहिला. पाणी चारशे त्र्याहत्तरवर थांबले. पुन्हा खटका, पुन्हा चारशे त्र्याहत्तर.

“यंत्र कमी देतंय,” मिलिमीटर म्हणाला.

मिस्त्रीने मान वर न करताच विचारले, “कशापेक्षा?”

“पाइंटापेक्षा. पाइंट म्हणजे पाचशे अडुसष्ट.”

“तो थोरला पाइंट. हे यंत्र धाकट्याचं आहे.”

मिलिमीटरने त्याला पाइंटाची व्याख्या विचारली. मिस्त्रीने ती दिली, हाच अनर्थ झाला. पाइंट दोन आहेत, तो सांगू लागला. एक वीस औंसांचा, दुसरा सोळा औंसांचा. त्यातून दोघांचे औंसही सारखे नाहीत, तेही किंचित लहानमोठे. गॅलनांचीही तीच कथा. दोन देशांनी एकच नाव ठेवून दिले आणि मोजायला बसणाऱ्याच्या गळ्यात घोंगडे अडकवले. यंत्र जिथून आले तिथे धाकटा पाइंट चालतो. मिलिमीटरने कोष्टकाचा दाखला दिला, पुस्तकाच्या रंगाचाही दिला, एकाच शब्दाला दोन अर्थ असणे हे मापाच्या मूळ कल्पनेशीच विसंगत आहे असा मुद्दाही मांडला. मिस्त्रीने सगळे शांतपणे ऐकले आणि खटका दाबला. चारशे त्र्याहत्तर.

यंत्राचे माप वाढवता येईल का, हे विचारताना मिलिमीटरचा आवाज खाली आला होता. मिस्त्री म्हणाला, आतली मापाची वाटी ओतीव असते. ती वाढवायची तर यंत्रच दुसरे आणावे लागेल.

त्याची इच्छा नसतानाही डोक्यातला हिशेब आपोआप सुरू झाला. पाचशे अडुसष्टच्या पेल्यात चारशे त्र्याहत्तर ओतले, तर कॉफी रेषेच्या दीड सेंटीमीटरहून अधिक खाली राहणार. म्हणजे प्रत्येक पेला, प्रत्येक गिऱ्हाइकाला, आपल्या कोरलेल्या रेषेनिशी सांगणार की तुला कमी दिले आहे. पुराव्यानिशी. हुज्जत थांबवण्यासाठी मागवलेल्या पेल्यांतून रोज हुज्जत ओतली जाणार. कॉफीवालीने फडके पिळत हसून विचारले, आमचे पेले कुठवर आले? भट्टीत आहेत, तो म्हणाला. ते खरेच होते, आणि खरे बोलून तोंड चुकवण्याची त्याच्यावर ही पहिलीच वेळ आली होती. कप्प्यांची उंची न मोजताच तो बाहेर पडला.

तो घराकडे निघाला. पेल्यांचे त्याला काही वाटत नव्हते असे नाही. पण पेले म्हणजे शेवटी माती, आणि कॉफीवालीची माफी मागता आली असती. त्याला धास्ती होती ती दुसऱ्याच माणसाची. आपण चुकलो हे कळले की अक्का रागावणार नाही, टोमणाही मारणार नाही. ती पुन्हा चाकावर बसेल. दिलेला शब्द अर्धा सोडण्याची तिच्या हाताला सवय नव्हती. आणि तीनशे पेले पुन्हा उतरवल्यावर तो हात कशाचीच सवय ठेवणार नव्हता.

अक्का पहिल्या खोलीत होती. तिने चाक धुऊन पुसून त्यावर जुनी चादर घातली होती आणि आता पाठमोरी उभी राहून ती चादर चारही बाजूंनी सारखी करीत होती, जणू एखाद्या आजाऱ्याला पांघरूण घालावे तशी. तिने मागे वळून सांगितले, की चाक कोपऱ्यात सरकवले तर इथे एक पलंग बसेल. दुपारी पडायला बरा. ती खुशीत होती. मिलिमीटर उंबऱ्यातच थांबला.

“अक्का, पेले मोठे झालेत.”

“किती?”

“पाचव्या हिश्शाने. चूक माझी आहे.”

मग त्याने सगळे सांगितले. दोन पाइंट, ओतीव वाटी, रेषेखालची रिकामी जागा. तिने मध्ये एकदाही तोडले नाही, आणि तेच त्याला असह्य झाले. एरवी ती म्हणाली असती, की जगात दोन पाइंट असू शकतात हे तुझ्या पट्टीला विचारायचे राहिले का. एखादा असा फटका त्या क्षणी त्याला मलमासारखा वाटला असता. पण तिने फक्त उजव्या हाताची मूठ सावकाश मिटली, उघडली, आणि तिच्याकडे असे पाहिले, जणू दुसऱ्या कुणाची वस्तू परत करायच्या आधी नीट तपासून घ्यावी.

“माती किती उरली आहे?” तिने विचारले.

तो म्हणाला, मातीचा प्रश्नच नाही, तू बसणार नाहीस. मग कोण बसणार, तू? ती म्हणाली. तरुणपणी त्याने चाकावर एक भांडे केले होते आणि ते फुलदाणी आहे की चुकलेली पणती यावर घरात अजूनही एकमत नव्हते. तरीही तो हट्टाने बोलत राहिला. मी कॉफीवालीकडे जातो, मी पाया पडतो, मी दुसरा कुंभार शोधतो. अक्का म्हणाली, आधी भट्टी तर उघडू दे. आणि जेवायला वाढायला गेली. जेवताना दोघांनी मिठाशिवाय काही मागितले नाही.

सकाळी अंगणात ऊन आले तेव्हा त्याने भट्टीच्या तोंडाच्या विटा काढायला सुरुवात केली. आतून कोमट हवा चेहऱ्यावर आली. पेले जसेच्या तसे उभे होते, निळसर करड्या झिलईचे, एकालाही तडा नाही; त्यांचे ते निर्दोष रूप पाहून त्याला अधिकच वाईट वाटले. अक्का मागे येऊन उभी राहिली होती. त्याने पहिला पेला बाहेर काढला, पाटावर ठेवला आणि घरातले काचेचे मोजपात्र आणले. दुःख तर झालेच होते. पण ते नेमके किती, हे मोजल्याखेरीज त्याला चैन पडणार नव्हते. मोजपात्रात त्याने चारशे त्र्याहत्तर मिलिलिटर पाणी घेतले, वाकून, डोळा आकड्याच्या पातळीला आणून, आणि ते हळूहळू पेल्यात ओतले.

पाणी चढत गेले. जिथे थांबायला हवे होते तिथे ते थांबले नाही. ते रेषेपाशी आले आणि रेषेवरच स्थिर झाले.

मिलिमीटरने मोजपात्र उजेडात धरून पाहिले. रिकामे होते. पुन्हा मोजून ओतले. पाणी पुन्हा रेषेवर. त्याने दुसरा पेला काढला, मग हात लांब करून मागच्या रांगेतला एक, मग तळाच्या फळीवरचा एक. प्रत्येक वेळी पाणी त्या कोरलेल्या रेषेला असे येऊन भिडले, की मध्ये केस शिरला नसता. आपल्याला आनंद झाला आहे हे त्याच्या लक्षात यायलाही थोडा वेळ लागला, कारण त्याआधी त्याला राग आला होता. न समजणारी गोष्ट चांगली असली तरी ती त्याला सहन होत नसे.

“हे शक्य नाही,” तो म्हणाला.

अक्का वाकून पेल्यांकडे पाहत होती. “लहान दिसतायत,” ती म्हणाली.

“लहान कसे असतील?”

“वाळले, भाजले, आटले. माती आहे ती, दगड नाही.”

माती आटते हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. कुंभाराच्या घरात ते रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. चाकावरून उतरलेले भांडे वाळताना थोडे आक्रसते आणि भट्टीत आणखी थोडे. म्हणून त्यांच्याकडे वडिलांपासून रीत अशी होती, की भांडे हवे असेल त्याहून चाकावर थोडे मोठेच उतरवायचे. आणि हे ‘थोडे’ किती, ते अक्काच्या बोटांत असे. ते तिला कुणी सांगत नसे आणि ती कुणाला विचारत नसे. मिलिमीटरने फुली कापली ती भाजून तयार झालेल्या पेल्याच्या मापाची. वाढीव माप अक्का नेहमीसारखे आपले आपण धरील, हे त्याने इतके गृहीत धरले होते, की त्याविषयी विचारसुद्धा केला नव्हता.

“तू वाढवून नाही का धरलंस?” त्याने विचारले.

“तूच म्हणालास, फुलीबाहेर केसभरही जायचं नाही. अंदाज नको, सवय नको, बोटं नकोत, फक्त फुली. पाऊण तास ऐकवलं होतंस. मी म्हटलं, या वेळी साहेबांनी भट्टीचाही हिशेब धरलेला दिसतोय.”

“मी तू धरशील म्हणून सोडला.”

“आणि मी तू धरला असशील म्हणून सोडला.”

तीनशे पेल्यांना त्याने स्वतःच्या हाताने झिलई दिली होती, झिलईचा दाटपणा ताजव्यावर तोलून. पण एकाही वाळलेल्या पेल्यात फुली उतरवून पाहण्याचे त्याच्या मनात आले नव्हते. काटेकोर माणसांचे असेच असते: आपल्या वाट्याचे काम ती दहादा तपासतात आणि दुसऱ्याच्या वाट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

त्याने पट्टी काढली. पेला आतून आठ सेंटीमीटर भरला. रेषेपर्यंतची खोली नऊ पूर्णांक चार. म्हणजे प्रत्येक बाजूने शंभराला सहा या हिशेबाने माती आटली होती. मग भट्टीतून काढलेल्या एका विटेवर कोळशाने त्याने आकडे मांडले. लांबीला शंभराचे चौऱ्याण्णव, रुंदीलाही चौऱ्याण्णव, खोलीलाही चौऱ्याण्णव. तिन्ही एकमेकांनी गुणले, तर पोटात मावणाऱ्या पाण्याचे शंभराचे त्र्याऐंशी होतात. आणि थोरल्या पाइंटाशी धाकट्याचे प्रमाण त्याने काढले, तर तेही शंभराला त्र्याऐंशी आणि वर चिमूटभर. त्याच्या चुकीने पेला जेवढा फुगवला होता, बरोबर तेवढाच अक्काच्या चुकीने तो भट्टीत दबला होता. फरक पडत होता तो सुमारे एका मिलिलिटरचा.

तो तिथेच विटांच्या ढिगावर बसला. हसू यायला लागले ते आधी नाकातून, मग पोटातून, आणि ते थांबवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. अक्कालाही हसू फुटले, पण तिने ते पदराआड नेले. कारण तिला अजून भांडायचे होते.

भांडण या मुद्द्यावर झाले, की पेले कुणाच्या चुकीने वाचले. मिलिमीटरचे म्हणणे, मूळ चूक त्याची, अक्काची फक्त पूरक. अक्काचे म्हणणे, त्याची चूक नुसती चूक होती. तिचे मात्र आज्ञापालन होते, तेव्हा श्रेय तिचेच. कॉफीवालीला हा सगळा प्रकार सविस्तर कळवला पाहिजे, असेही त्याच्या मनात आले. तिने पाचशे अडुसष्ट हा आकडा ऐकून ठेवला होता आणि तो तसाच राहू देणे त्याला प्रशस्त वाटेना.

“तिला सांग, पाइंट धाकटा आहे आणि पेले त्याच्याच मापाचे आहेत,” अक्का म्हणाली. “तिला पेले हवेत. तुझं आत्मचरित्र नको.”

मोजपात्र धुवायला तो नळाकडे गेला. नळाजवळ, भिंतीच्या सावलीत, मोठे घमेले ओल्या पोत्याने झाकलेले होते. काल दुपारी ते तिथे नव्हते. त्याने पोते उचलले. घमेल्यात उरलीसुरली सगळी कोरडी माती फोडून भिजत घातलेली होती, काठोकाठ पाण्यात, चाकावर घ्यायला तयार होईल अशी. त्याने मागे वळून पाहिले.

“रात्री जेवण झाल्यावर घातली,” अक्का म्हणाली. “सकाळी उशीर नको म्हणून.”

“आणि हात?”

“हाताला विचारलं नव्हतं.”

पोते त्याने पुन्हा घमेल्यावर घातले, नीट, चारही कडा आत खोचून. काय बोलावे ते त्याला कळेना. त्याच्या बाबतीत हे इतके नवे होते, की अक्काने भुवया वर करून क्षणभर वाट पाहिली, आणि काहीच येत नाही असे दिसल्यावर ती भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला टेकून खाली बसली. भिंतीच्या विटा अजून उबदार होत्या. तिने मनगटाची पट्टी सोडली, उघडा हात विटेवर टेकवला आणि डोळे मिटून म्हणाली, की पलंग खिडकीच्या बाजूला लावायचा, पाय उन्हात येतील असा. खिडकीपासून किती अंतरावर, ते तू मोजून ठेव.

थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. तोंड किंचित उघडे पडले. मिलिमीटरने चपला काढून ठेवल्या आणि भट्टीत शिरून एकेक पेला दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणायला लागला. पाटावर पेल्याला पेला लागू नये म्हणून मध्ये तो गवताची काडी ठेवी. एकदा गल्लीतून सुताराने हाक मारली, काय मिलिमीटर, जमले का माप? तो दारापर्यंत अनवाणी गेला, ओठांवर बोट ठेवले, आणि एक शब्दही न बोलता दार लोटून परत आला.